तीन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी नुकतीच करून घेतली आहे. टाकी लोखंडी स्टँडवर, खाली थर्मोकोल घालून, समपातळीत ठेवली आहे. वाळू धुऊन घातली आहे आणि फिल्टर बसवला आहे, परंतु अद्याप एकही मासा आणलेला नाही. ज्या दुकानातून सामान घेतले, तिथे मला पुढील यादी देण्यात आली: दोन गोल्डफिश, चार एंजल, चार टायगर बार्ब, दहा निऑन टेट्रा, गप्पीची एक जोडी, दोन शार्क आणि काच साफ ठेवण्यासाठी एक सकर. हे सगळे मासे एकत्र राहतात, असे तिथे छातीठोकपणे सांगण्यात आले. माझ्या मनात मात्र शंका आहे.

पाण्याबद्दलही सांगतो. आमच्या सोसायटीला पावसाळ्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत महापालिकेचे पाणी पुरते. त्यानंतर टँकर सुरू होतात आणि ते पाणी बहुधा बोअरचे असते. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर पालिकेचे पाणी १२० च्या आसपास दिसते, टँकरचे ६०० च्या पुढे जाते. या परिस्थितीत यादीतले काय ठेवावे आणि काय गाळावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कुर्ल्याचा काका

यादी ज्याने केली, त्याच्या दुकानात त्या दिवशी जे जे शिल्लक होते ते सगळे तिच्यात आले आहे, असे दिसते.

हेमांगी_कोथरूड

काकांनी थोडक्यात सांगितले, मी जरा सविस्तर लिहिते. आधी टाकीचा हिशेब करू. साडेचार घनफूट म्हणजे सुमारे १२७ लिटर. वाळूची जागा आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की प्रत्यक्षात शंभर ते एकशे पाच लिटर पाणी राहते. दोन-अडीच इंचांपर्यंत वाढणाऱ्या माशांसाठी ही टाकी उत्तम आहे. मोठ्या माशांसाठी ती अपुरी आहे, कारण लांबी तीन फूट असली तरी रुंदी फूटभरच आहे आणि मोठ्या माशाला वळायलासुद्धा जागा लागते.

यादीत सर्वांत आधी गोल्डफिश गाळा. तो थंड पाण्यातला मासा आहे. त्याला १८ ते २२ अंश तापमान मानवते, तर टेट्रा, एंजल आणि गप्पी यांना २४ ते २७ अंश लागते. आपल्याकडे गोल्डफिश २८ अंशांतही जगताना दिसतो हे खरे, पण त्या तापमानात त्याची भूक आणि विष्ठा दोन्ही वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू मात्र कमी झालेला असतो. शिवाय लांब शेपटीचा संथ गोल्डफिश आणि टायगर बार्ब एकाच टाकीत ठेवले, तर आठवड्याभरात गोल्डफिशच्या शेपटीच्या झिरमिळ्या होतात.

एंजल विकत घेताना रुपयाच्या नाण्याएवढा असतो. पूर्ण वाढला की त्याचे अंग पंधरा सेंटीमीटरपर्यंत जाते आणि परांसकट उंची त्याहूनही जास्त होते. निऑन टेट्रा साडेतीन सेंटीमीटरचा आणि सडपातळ असतो, त्यामुळे वाढलेल्या एंजलच्या तोंडात तो सहज मावतो. सुरुवातीचे काही महिने सगळे गुण्यागोविंदाने राहतात, आणि मग रोज सकाळी मोजताना निऑन एकेक कमी भरू लागतात.

टवाळ_टेट्रा

म्हणजे दुकानदार चुकीचे बोलला नाही. एंजल आणि निऑन शेवटपर्यंत एकत्रच असतात, फक्त एक दुसऱ्याच्या आत असतो.

मांडवीकाठ

यादीतल्या 'शार्क'बद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे बोटभर लांबीचे, चंदेरी किंवा पांढरे जे शार्क विकले जातात, ते बहुतेक वेळा पंगॅशियस असतात. हा आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला मासा असून तो मीटरभराहून अधिक वाढू शकतो. आंध्र प्रदेशात खाण्यासाठी त्याची तळ्यांतून मोठ्या प्रमाणावर शेती होते. तो स्वभावाने घाबरट असतो. दिवा लावला किंवा कोणी जवळून गेले की काचेवर धडका घेतो आणि नाक फोडून घेतो. कोणत्याही घरगुती टाकीत तो ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुर्ल्याचा काका

हॉटेलात बासा म्हणून जे फिले येते, तेही बहुतेक वेळा हेच. दोन वर्षे सांभाळा, मग बोलवा आम्हाला जेवायला.

प्रयोगशील

माशांच्या स्वभावाची चर्चा आवश्यक आहेच, परंतु प्रश्नकर्त्याने दिलेल्या माहितीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे आणि तिच्याकडे अजून कोणीच वळलेले नाही. एकाच घरात वर्षातले काही महिने हलके आणि काही महिने जड पाणी येत असेल, तर मासे निवडताना ते दोन्ही सहन करू शकतील असेच निवडले पाहिजेत. स्वभाव, आकार आणि रंग हे विचार त्यानंतरचे.

एक खुलासा. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो. त्यांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, म्हणजे पाण्याची कठीणता किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी थेंब मोजून रंग बदलण्याची वाट पाहायची, अशी चाचणीची बाटली मिळते, ती घ्यावी. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी कठीण आणि किंचित अल्कधर्मी असते, म्हणून ६०० पैकी बराच भाग कठीणतेचा असण्याची शक्यता आहे. पण मोजल्याशिवाय खात्री धरू नये.

याचा माशांशी संबंध असा. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पिल्ले देणारे मासे मुळात मध्य अमेरिका आणि तिच्या आसपासच्या प्रदेशांतले असून त्यांना कठीण पाणी मानवते. निऑन आणि कार्डिनल टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या अतिशय हलक्या, आम्लधर्मी पाण्यातले आहेत. दुकानदाराच्या यादीत गप्पी आणि निऑन शेजारी शेजारी आहेत. दोघेही शांत आहेत, एकमेकांना त्रास देत नाहीत, आणि तरीही एकाला आवडणारे पाणी दुसऱ्याला आवडत नाही.

वाऱ्यावरची_शेवाळे

प्रयोगशील यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. आज बाजारात मिळणारा निऑन अॅमेझॉनमधून येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या शेततळ्यांत आणि काचपेट्यांत वाढवलेला असतो, आणि आपल्याकडे येणारे कितीतरी मासे चेन्नईच्या कोलाथूर परिसरातल्या प्रजनन केंद्रांतून येतात. ते तिथल्या पाण्याला सरावलेले असतात. माझ्याकडे नाशिकला बोअरचेच पाणी आहे आणि निऑनचा थवा उत्तम स्थितीत आहे. पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते) आणि कठीणता यांचे आकडे उगाळत बसण्यापेक्षा पाणी स्थिर ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रयोगशील

तुमचे म्हणणे निऑनपुरते बरेचसे बरोबर आहे. कार्डिनलच्या बाबतीत तसे नाही, कारण तो आजही ब्राझीलमधल्या रिओ नेग्रोतून मोठ्या संख्येने पकडून आणला जातो. पण तुम्हीच लिहिलेल्या 'स्थिर' या अटीपाशी मी थांबतो. तुमच्याकडे बाराही महिने बोअरचे पाणी आहे, म्हणजे ते जड असले तरी बदलत नाही. सिंहगडरोडकर यांच्याकडे मार्चमध्ये एका आठवड्यात पाणी पाचपट जड होणार आहे.

शिवाय अमोनियाचा मुद्दा आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचा जो भाग विषारी रूपात असतो, तो पीएच ७ वरून ८ वर गेला की जवळपास दहापट होतो आणि तापमान चढले की आणखी वाढतो. म्हणजे टँकरचे अल्कधर्मी पाणी आणि एप्रिलची उष्णता नेमकी एकाच वेळी येते, आणि त्या वेळी टाकी नवी असेल तर पालिकेच्या पाण्यात खपून गेलेली माशांची गर्दी तिथे जीवघेणी ठरते.

वैदर्भी

उष्णतेचा विषय निघालाच आहे, तर नागपूरकरांचेही ऐका. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीतही टाकीचे पाणी ३२-३३ अंशांवर जाते. त्या तापमानात तळाशी राहणारे कोरी मासे आणि निऑन वरच्या थराला येऊन धापा टाकतात. गुरामी मात्र निवांत असतो, कारण त्याला कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळे इंद्रिय असते. तो वर येतो, एक घोट हवा घेतो आणि परत जातो. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते, त्यांनी निवड करताना हा गुण अवश्य पाहावा आणि बॅटरीवर चालणारा एक एअर पंप जवळ ठेवावा.

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला तर तापमान दोन ते तीन अंशांनी उतरते. मात्र पंख्याने उडते ते नुसते पाणी, क्षार टाकीतच राहतात; रोज कमी झालेली पातळी टँकरच्या पाण्याने भरत गेलात तर महिन्याभरात टाकीतले पाणी नळापेक्षाही जड होते. ही रोजची भर आरओच्या पाण्याने घालावी. आठवड्याला जे पाणी काढून बदलायचे, ते नेहमीच्या पाण्याने बदलावे.

सिंहगडरोडकर

सर्वांचे आभार. गोल्डफिश, एंजल आणि शार्क गाळले. मग सरळ सगळीच टाकी आरओच्या पाण्याने भरली तर वर्षभर पाणी सारखे राहणार नाही का? आणि यादीतल्या टायगर बार्ब आणि सकर यांचे काय करावे?

प्रयोगशील

निव्वळ आरओचे पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास आरओचे मिसळले, तर चढउतार बराच कमी होईल. एका वेळी वीस ते पंचवीस टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नका, म्हणजे बदल हळूहळू पोहोचेल. पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी अँटी-क्लोरिन वापरावे. पाणी बादलीत रात्रभर हवा सोडून ठेवले तरी साधे क्लोरिन उडून जाते, क्लोरामाइन मात्र उडत नाही.

मांडवीकाठ

सकरबद्दल सांगतो. दुकानात मिळणारा साधा सकर दीड फुटापर्यंत वाढतो. लहानपणी तो शेवाळ खातो हे खरे, परंतु मोठेपणी त्याला दाण्यांची चटक लागते, आणि रात्रीच्या वेळी संथ, चपट्या माशांच्या अंगाला चिकटून तो त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. त्याची स्वतःची विष्ठा इतकी असते की टाकी स्वच्छ ठेवण्याच्या कामासाठी त्याची नेमणूक करणे हाच विनोद आहे. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. भारतातल्या अनेक नद्या-जलाशयांत तो अशा रीतीने पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नसतो.

तुमच्या टाकीत शेवाळ येईल ते दिव्यामुळे. दिवा सहा-सात तासांवर ठेवा, काच आठवड्याला हाताने पुसा, आणि हौसच असेल तर एखादा ब्रिसलनोझ हा लहान जातीचा सकर पुढे केव्हातरी आणा. तो चार-पाच इंचांवर थांबतो.

हेमांगी_कोथरूड

टायगर बार्ब वाईट मासा नाही, त्याला वाईट संगतीत ठेवले जाते. चार असले की त्यांतला एक दादा होतो, उरलेल्या तिघांना पळवतो आणि कंटाळला की शेजाऱ्यांच्या परांकडे वळतो. आठ-दहा ठेवले की त्यांची भांडणे आपापसांत वाटली जातात आणि इतरांना ते बहुधा विसरतात. माझ्या बहिणीच्या टाकीत त्यांच्यासोबत एक गुरामी होता. गुरामीला पोटाखाली दोन लांब, दोऱ्यासारखे पर असतात आणि तो त्यांनी वनस्पती, काच, शेजारचा मासा असे सगळे चाचपून पाहतो. बार्बांना ते दोरे खाद्यासारखे वाटत असावेत. एक मागून यायचा, टोक ओढायचा आणि गुरामी वळेपर्यंत थव्यात मिसळून जायचा; थोड्याच दिवसांत दोन्ही दोऱ्यांची खुंटे राहिली.

तेव्हा टायगर बार्ब हवेच असतील तर टाकी त्यांच्याभोवती आखा: दहा टायगर बार्ब, सोबत रोझी बार्ब किंवा झेब्रा डॅनिओसारखे चपळ मासे आणि लांब पर असलेले कोणीही नको. शांत टाकी हवी असेल तर टायगर बार्ब पूर्ण सोडून द्या.

आजोबांची_काचपेटी

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्यानंतर पुढची कित्येक वर्षे आमच्या पिढीला मासे म्हणजे तिथली काच एवढेच ठाऊक होते. घरी टाकी ठेवू लागलो तेव्हा गप्पी, मॉली आणि स्वोर्डटेल एवढेच मिळत असे, त्यामुळे कोण कोणाबरोबर राहील हा प्रश्नच पडत नसे. आता दुकानात शंभर प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार छोटा असताना मोहक दिसतो. एकच सांगतो, दुकानात जाण्याआधी घरी कागदावर नावे लिहून न्यावीत आणि जे कागदावर नाही ते त्या दिवशी आणू नये.

ईशान्यमुखी

टाकी कोणत्या दिशेला ठेवली आहे, ते धागाकर्त्याने सांगितलेले नाही. ती ईशान्य कोपऱ्यात असावी आणि तिच्यात आठ सोनेरी व एक काळा असे नऊ मासे असावेत, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. गोल्डफिश गाळल्यावर हे कसे जमवायचे?

प्रयोगशील

ईशान्येला खिडकी असेल तर सकाळचे ऊन थेट टाकीवर पडेल आणि पाणी हिरवे होईल. तिथे ठेवायचीच असेल तर जाड पडदा लावावा.

टवाळ_टेट्रा

नऊ माशांचा तोडगा माझ्याकडे आहे. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली. दोघांनाही कठीण पाणी चालते, दोघेही शांत असतात आणि दोन महिन्यांत संख्या नऊची नव्वद होते. लक्ष्मी इतकी झटपट वाढलेली दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

हेमांगी_कोथरूड

टवाळांनी विनोद केला असला तरी त्यातला अर्धा भाग उपयोगाचा आहे. बदलत्या पाण्याला प्लॅटी खरोखर योग्य आहे. फक्त एका नरामागे दोन किंवा तीन माद्या हव्यात, नाहीतर नर त्यांना खाण्याचीही उसंत देत नाहीत. नर ओळखणे सोपे आहे: पोटाखालचा मागचा पर मादीत पंख्यासारखा पसरलेला असतो, नरात तो काडीसारखा टोकदार असतो. दुकानात सगळ्या माद्याच निवडल्या तरी पिल्ले होणार नाहीत असे समजू नका, कारण मादी नराचे बीज साठवून ठेवते आणि नराशिवायही पुढचे काही महिने पिल्ले देत राहते.

मांडवीकाठ

सगळी नावे परदेशी माशांचीच येत आहेत, म्हणून थोडे आपल्या माशांबद्दल लिहितो. जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याच्यावर संशोधन चालते, तो झेब्रा डॅनिओ आपल्याच ओढ्यांमधला आहे. हनी गुरामी ईशान्य भारत आणि बांगलादेशातला. तो दोन इंचांवर जात नाही, आणि विणीच्या काळात नराचा गळा काळा आणि अंग मधाच्या रंगाचे होते. रोझी बार्बही इथलाच. श्रीलंकेतला चेरी बार्ब तर टायगर बार्बच्या स्वभावाच्या अगदी उलट, शांत आणि थोडा लाजाळू आहे. हे सगळे मध्यम पाण्यात व्यवस्थित राहतात आणि प्रजनन केंद्रांतून सहज मिळतात.

दोन मासे मात्र हौसेपोटी आणू नका. लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' हा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांपुरता मर्यादित आहे आणि काचपेट्यांच्या व्यापारासाठी झालेल्या पकडीमुळे संकटात आला आहे. शिवाय तो सहा इंच वाढतो आणि त्याला वाहते पाणी व थवा लागतो, तुमची टाकी त्याला पुरणार नाही. दुसरा आमच्या गोवा-कर्नाटकातल्या ओढ्यांतला नारायण बार्ब. छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो लहान, शांत आणि देखणा आहे, परंतु त्याचा प्रदेश अगदी छोटा आहे. ओढ्यातून पकडून आणलेला मासा घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

वाऱ्यावरची_शेवाळे

गुरामी घेणार असाल तर निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी टाळून हनीच घ्या. ड्वार्फच्या पैदाशीत एक विषाणू बराच पसरलेला आहे आणि त्यावर औषध नाही. मासा काही आठवडे ठीक दिसतो, मग रंग उतरतो, अंगावर व्रण येतात आणि तो जातो. शिवाय ड्वार्फचे दोन नर तीन फुटी टाकीत एकमेकांना सुखाने राहू देत नाहीत.

झेब्रा डॅनिओ आणि हनी गुरामी एकत्र ठेवण्याला मात्र माझा विरोध आहे. डॅनिओ कोणाला चावत नाही, पण तो दिवसभर वरच्या थरात सुसाट धावतो आणि दाणे पडले की पहिला तिथे पोहोचतो. हनी संथपणे खातो. चार दिवसांत तो कोपऱ्यातल्या पाल्यात लपून बसतो. दोन मासे परस्परांना इजा करत नाहीत, एवढ्यावरून त्यांचे जमते असे ठरत नाही.

मांडवीकाठ

हे मान्य. दोघांतून एकच निवडावा.

वैदर्भी

मलाही हनीच योग्य वाटतो, उन्हाळ्यामुळे. टाकीवर झाकण मात्र ठेवा आणि झाकण व पाणी यांच्यात दोन-तीन बोटे जागा सोडा.

सिंहगडरोडकर

चर्चेतून निघालेली यादी अशी लिहितो, कृपया तपासावी. चेरी बार्ब आठ, हनी गुरामी तीन, प्लॅटी सहा, त्यांत दोन नर. तळासाठी सहा कोरी घ्यावेत असा विचार आहे. निऑन तूर्त नाहीत, आणि गप्पी प्लॅटींमुळे नकोतच. हे सगळे येत्या रविवारी एकदम आणले तर चालतील का?

प्रयोगशील

यादी चांगली आहे. एकदम आणणे मात्र चालणार नाही. नव्या फिल्टरमध्ये अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नसतात. ते वाढायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी तेवीस मासे सोडले, तर त्यांतले किती उरतील ते सांगता येणार नाही. रिकाम्या टाकीत अमोनियाचे थेंब किंवा चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावर सुरुवात करा. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

क्रम असा ठेवा: आधी चेरी बार्ब, दोन आठवड्यांनी प्लॅटी, त्यानंतर गुरामी. जो मासा आपली जागा धरून बसतो, तो शेवटी आणावा. गुरामी थोडाफार तसा आहे. कोरी या उन्हाळ्यानंतरच आणा. त्यांना गार पाणी लागते आणि टाकी मुरलेली असावी लागते.

कुर्ल्याचा काका

आणताना दुकानात घाई करू नका. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात उभा असलेला, वर येऊन धापा टाकणारा किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा ज्या टाकीत असेल, त्या टाकीतला दुसरा कितीही तरतरीत मासा घेऊ नका, कारण दुकानातले पाणी सगळ्यांचे एकच असते. दुकानदाराला समोर दाणे टाकायला सांगा. जो खात नाही तो तिथेच राहू द्या. आणि डोळ्यांत भरणारे गुलाबी-हिरवे काचमासे, ज्यांना सुईने रंग टोचलेला असतो, ते घेऊ नका. ते फार दिवस जगत नाहीत.

सिंहगडरोडकर

समजले. क्रम प्रयोगशील यांनी सांगितला तसाच ठेवतो. वापरलेला स्पंज कुठे मिळेल? दुकानातून घ्यायची आता हिंमत होत नाही.

हेमांगी_कोथरूड

माझ्या टाकीत दोन स्पंज फिल्टर आहेत आणि गेल्या कित्येक महिन्यांत एकही मासा आजारी पडलेला नाही. त्यातला एक तुम्हाला देते. येताना झाकणाचा डबा आणा, स्पंज टाकीतल्याच पाण्यात भिजलेला न्यावा लागेल; वाटेत कोरडा पडला किंवा घरी गेल्यावर नळाखाली धुतला तर जिवाणू मरतील आणि नुसता फोम हातात राहील. शक्य तितक्या लवकर तुमच्या टाकीत लावा आणि त्याच संध्याकाळपासून चिमूटभर खाद्य टाकायला सुरुवात करा, कारण खायला मिळाले नाही तर जिवाणू टिकणार नाहीत. वेळ व्यक्तिगत निरोपात ठरवू.

टवाळ_टेट्रा

सहा महिन्यांनी प्लॅटीची पिल्ले ठेवायला जागा उरली नाही, की हेमांगीताईंकडे तोच डबा पुन्हा नेताना रिकामा नेऊ नका.